सागवानावर पास झालेला रंधा

आमच्या यवतमाळच्या प्रशिक्षण केंद्रात सर रुजू होईपर्यंत माझ्या शिवणवर्गाचं दार चांगलं होतं. म्हणजे ते उघडायचं आणि लागायचं, दाराकडून याहून जास्त काही मागायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं. सुतारकामाचे नवे शिक्षक म्हणून सर आले. खांद्यावरच्या पिशवीतून त्यांनी गुण्या काढला, म्हणजे सुतार लोक काटकोन बघायला वापरतात तो. तो दाराच्या कोपऱ्याला लावला, एक डोळा मिटून पाहिलं आणि नमस्कार करायच्या आधी मला सांगितलं, "मॅडम, दार नापास हाये."

त्यांचं सगळ्या जगाशी असंच चालायचं. चहा पास, भजी नापास, एसटीतली डावीकडची सीट पास, केंद्रप्रमुखांचं टेबल नापास. हे शेवटचं त्यांनी पाहुणे बसलेले असताना सांगितलं. शिवाय खाली वाकून टेबलाच्या पायाखाली बसचं तिकीट दुमडून घातलं आणि पाहुण्यांकडे बघून म्हणाले, "आता बसा निवांत." केंद्रप्रमुखांचा चेहरा आठवला की मला अजून हसू येतं. तेव्हा मात्र जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं होतं. सर माझ्या शेजारच्या वर्गात, त्यामुळे लोकांना आम्ही दोघं एकाच टोळीतले वाटायचो.

आमच्याच एका सहकाऱ्याच्या मुलीच्या लग्नात सर आहेर देऊन सरळ स्टेजवर चढले आणि नवरदेवाच्या खुर्चीखालून हात फिरवायला लागले. फोटोवाला खोळंबला. "खुर्ची नापास. खिया वर आला हाये," सर म्हणाले. खिया म्हणजे खिळा. सासरेबुवांनी त्यांना हाताला धरून खाली आणलं, मी दुसरीकडे बघत जिलेबी खात राहिले. पुढं नवरदेव उठला तेव्हा त्याची शेरवानी टर्रकन फाटली आणि रफू करायला मलाच बोलावलं. बायकांच्या खोलीत सुईत दोरा ओवताना मला सरांचा राग आला होता. खरं सांगणाऱ्या माणसाचा असा राग का येतो कोण जाणे.

सरांचं खरं प्रेम रंध्यावर. लाकूड गुळगुळीत करायचं हे साधं अवजार, पण सर त्याच्याबद्दल बोलायला लागले की माझ्या वर्गातल्या मुलींची कापडं कापायची राहायची. त्यांची परीक्षा ठरलेली होती. सागवानाच्या फळीवर रंधा मारायचा, जो पातळ पापुद्रा निघेल तो वर्तमानपत्रावर पसरायचा. खालची अक्षरं वाचता आली तर रंधा पास. कधी मला हाक मारून पापुद्र्यातून बातमी मोठ्यानं वाचायला लावायचे. सागवानाचा वास नाकात आणि ओठांवर सोन्याचे भाव, अशी आमची मधली सुट्टी जायची.

ते दिवस कापसाचे वाईट दिवस होते. पेपर उघडला की आमच्याच जिल्ह्याची बातमी असायची, आणि ती वाचवत नसे. एकदा सरांनी पसरलेल्या पापुद्र्याखाली मारेगावकडच्या एका गावाचं नाव निघालं. सरांनी ओळ अर्धी वाचली, पापुद्रा उचलून खिशात ठेवला आणि पेपर उलटा घातला. त्या दिवसापासून ते परीक्षेला जाहिरातीचं पान घ्यायला लागले. कुणी विचारलं तर म्हणायचे, जाहिरातीची अक्षरं मोठी असतात.

अशात एका संस्थेनं ठरवलं की गावोगावच्या शेतकरी घरांतल्या माणसांना सुतारकाम शिकवायचं आणि अवजारांची पेटी द्यायची. नुसत्या कापसावर घर चालेना, जोडीला हाताला काम हवं, असा विचार होता आणि तो चांगलाच होता. शिकवायचे सर. पेटीतली बाकीची अवजारं ठरलेली होती, रंधा तेवढा सरांनी निवडायचा. स्वस्त हवा, कारण रंधा जितका स्वस्त तितक्या जास्त घरांत पेटी जाणार. बाजारातले चार-पाच कंपन्यांचे लोखंडी रंधे नमुने म्हणून आले.

आठवडाभर सर त्या रंध्यांच्या मागे होते. तळ सपाट आहे का ते काचेवर घासून बघितलं, पात्याच्या फटीतून कागद सरकवून बघितला, मुठी हलतात का बघितलं. मग प्रत्येकाचं पातं काढून, दगडावर स्वतः धार लावून परत बसवलं. धार न लावता रंधा मारणं त्यांना जमायचंच नाही. शेवटी सगळ्यांना बोलावून, अगदी केंद्रप्रमुखांनासुद्धा, परीक्षा झाली. सगळ्यांत स्वस्त, हिरव्या मुठीच्या रंध्यातून असा पापुद्रा निघाला की खालची साबणाची जाहिरात मी दाराशी उभी राहून वाचली. टाळ्या पडल्या. सरांनी कानावरची पेन्सिल काढली आणि मुठीच्या बुडाला लिहिलं, 'पास'. नंतर पेट्या आल्या तेव्हा त्यांनी एकेका रंध्यावर तसंच लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. हौस म्हणून लिहिलं.

त्या वर्गात माझा मोठा भाऊ होता. आमचं माहेरचं गाव मारेगाव तालुक्यात. दादाची थोडी कोरडवाहू शेती आणि हातात उपजत कसब. मीच त्याला फॉर्म भरायला लावलं होतं. दादा शिकला, पेटी घेऊन गावी गेला आणि पेरणीच्या आधी त्यानं पहिलं काम केलं ते आपल्याच बैलांचं जू. आपल्या घरचं नीट झालं की लोक आपणहून काम घेऊन येतात, हा त्याचा हिशोब होता.

सागवान विकत आणायचा तो काळ नव्हता. अख्ख्या गावातच कुणी आणत नव्हतं. बांधावरची बाभूळ तोडायची आणि तिच्यातच वखर, डवरा, जू, सगळं भागवायचं. दादानं बाभळीचं जू तासलं, सरांच्या हिरव्या रंध्यानं गुळगुळीत केलं, वरून गोडं तेल चोपडलं. हात फिरवला तर छान वाटत होतं. पण रंध्याचं पातं पातळ. बाभळीच्या टणक, आडव्या-तिडव्या रेषांच्या लाकडावर ते कापायच्या ऐवजी उड्या मारत होतं, आणि कापले न गेलेले तंतू नुसते दाबून बसवत होतं. डवरणी, म्हणजे उभ्या पिकातली कोळपणी, लागली, पाऊस आणि बैलाचा घाम जुवात मुरला, तसे ते दाबलेले तंतू कुसळासारखे उभे राहिले. आमच्या मोऱ्या बैलाचा खांदा फुटला. दादाच्या ध्यानात येईपर्यंत कातडं सोललं गेलं होतं.

गावात बैलाचा खांदा फुटणं ही मालकाची नाचक्की असते, त्यातून जू घरचं आणि मालक नुकताच सुतार झालेला. दोघातिघांनी दुरुस्तीला टाकलेली अवजारं दादाच्या अंगणातून उचलून नेली. पोळा आठ दिवसांवर होता. पोळ्याला सगळ्या गावाचे बैल तोरणाखाली उभे राहतात, सगळं गाव बघतं. आईनं निरोप पाठवला की तुझा दादा जेवत नाही.

हे मी सरांना सांगितलं ते चहा पिताना, आणि तक्रार म्हणून नव्हे. माझ्या डोक्यात होतं की दादाचंच काही चुकलं असेल. सर म्हणाले, "जू कशाचं केलं?" मी म्हटलं, "बाभळीचं." त्यांनी कप खाली ठेवला. तसेच उठले, केंद्रामागं जळणाचा ढीग होता त्यातून बाभळीचं एक खोड ओढत आणलं, उरलेल्या एका पेटीतला कोरा रंधा घेतला आणि धार न लावता, जसा दुकानातून आला तसाच मारला. खड खड खड असा आवाज माझ्या वर्गापर्यंत आला, आणि शिलाई मशिनी एकेक करून थांबल्या. आम्ही दाराशी गेलो. सर खोडावर तळहात फिरवत होते. परत परत फिरवत होते. तळहातात कुसळ गेलं, रक्त आलं, तरी थांबेनात.

"सर, राहू द्या," मी म्हटलं.

"रंधा पास नोयता झाला, मॅडम. सागवान पास झालं. अन् माहा हात पास झाला." मग तळहातातलं कुसळ उपसत, "बाभूय काहून नाही घेतली मी? लोकायच्या घरी बाभूयच हाये, हे मले मालूम नाही का? माह्या बापानं जिंदगीभर बाभूयच तासली."

ते तडक केंद्रप्रमुखांकडे गेले. केंद्रप्रमुखांनी समजूत घातली की पेट्या वाटून झाल्या, अहवाल गेला, एका बैलाच्या खांद्यावरून एवढं काय घेऊन बसता. संस्थेचे लोक तर म्हणाले की सर, रंधा तुमचाच, तारीफही तुमचीच झाली, आता कायले उकरून काढता. सर बाहेर आले. त्या दिवशी त्यांचा चहा पास झाला की नापास, हे टपरीवाल्याला कळलं नाही. त्यानं दुसऱ्या दिवशी मला विचारलंसुद्धा, "मॅडम, सर नाराज हायेत का माह्यावर?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी माहेरी निघाले, तर स्टँडवर सर पिशवी घेऊन उभे. म्हणाले, "मी बी येतो." नको म्हणायला तोंड उघडेना. मारेगावच्या गाडीत सगळ्या वाटेनं मी खिडकीतून बाहेर बघत होते. परक्या पुरुषाला घेऊन सणाला माहेरी जायचं, त्यातून हा माणूस, त्यातून दादाची ही अवस्था. फाट्यावर उतरल्यावर गावापर्यंत चालायचं होतं. मी दहा पावलं पुढं राहिले. पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं, "कोन पाहुने, बाई?" मी म्हटलं, "केंद्रातले आहेत." नातं लावता येईना म्हणून नुसतं तेवढंच म्हटलं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जुवाखाली राहिलेल्या खांद्याला पळसाच्या पानानं तूप आणि हळद लावायची आणि बैलाला उद्याच्या जेवणाचं आमंत्रण द्यायचं. आम्ही पोचलो तेव्हा दादा अंगणात तेच करत होता. सरांना बघून त्याचा हात थांबला. 'या' म्हणाला नाही. आमच्या घरात आलेल्या माणसाला 'या' न म्हटल्याचं मी पहिल्यांदा पाहिलं.

सर मोऱ्यासमोर गेले. खपली धरलेला खांदा बघितला. मग गुण्या, पेन्सिल, सगळं असलेली ती पिशवी खाली ठेवली आणि बैलापुढं हात जोडले.

"चूक माही हाये," ते बैलाला म्हणाले. दादाला नव्हे, मला नव्हे, बैलाला. "या पोराची नाही. रंधा मी पास केलता."

शेजारच्या बाया कुडाआडून बघत होत्या. एक फिसकन हसली. मला रडू येत होतं की लाज वाटत होती ते मलाच समजेना. दादानं मान फिरवली. सरांनी पळसाचं पान उचललं, विचारलं, "लावू का?" दादा एक पाऊल बाजूला सरकला. सरांनी जखमेच्या कडेकडेनं, न दुखवता, तूप-हळद लावली. पण आमंत्रणाचे शब्द म्हटले नाहीत. ते दादानं म्हटले, मोऱ्याकडे बघून. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

आईनं सरांना पाट मांडला. सर म्हणाले, "माय, आज नाही. ह्याचा खांदा भरून आला की जेवीन." आईला ते फार लागलं. सणाच्या घरातून माणूस उपाशी उठला, असं ती नंतर वर्षभर म्हणत राहिली. सर देवळात झोपले आणि पहाटे येऊन अंगणात बसले. पिशवीतून त्यांनी वडिलांचा जुना लाकडी रंधा काढला, जाड पात्याचा, आणि दादाचं जू मांडीवर घेऊन नव्यानं साफ केलं. दादा लांबून बघत होता. थोड्या वेळानं जवळ येऊन त्यानं जुवाचं दुसरं टोक धरलं.

दुपारी पोळा भरला. दादा मोऱ्याला नेणार नव्हता. सरांनी कासरा हातात घेतला आणि म्हणाले, "मी नेतो." झूल टाकली तर खांदा झाकला गेला असता. सरांनी ती टाकू दिली नाही. तोरणाखाली इतरांच्या रंगवलेल्या शिंगांच्या, झुली घातलेल्या जोड्यांत आमचा मोऱ्या उघड्या खांद्यानं उभा, आणि कासरा धरून पांढऱ्या शर्टातले सर. जो येईल तो खांद्याकडे बघायचा आणि विचारायचा. सर प्रत्येकाला तेच सांगायचे, "जू बिघडलं नाही. रंधा खराब होता. मी मास्तर हावो, मी पास केलता." पोरांना सांगितलं, पाटलांना सांगितलं, ज्यांनी अवजारं परत नेली त्यांना तर आपणहून जाऊन सांगितलं. एक म्हातारा ऐकू येत नाही म्हणाला, त्याच्या कानाशी ओरडून सांगितलं. मी बायकांत उभी होते. पदर तोंडाशी धरला होता.

शेवटी दादाच पुढं गेला. "सर, बस झालं आता," तो म्हणाला, आणि कासरा स्वतःच्या हातात घेतला.

त्यानंतरचं वर्ष सरांचं प्रवासात गेलं. यवतमाळच्या एका लोहाराकडून त्यांनी ट्रकच्या जुन्या कमानपाट्यांची जाड पाती करून घेतली. दर रविवारी पिशवीत भरून ज्याच्या ज्याच्या घरी पेटी गेली होती त्याच्याकडे जायचे. झरी जामणीकडं रस्ता संपल्यावर चालत जायचे. पातं बदलायचं, माफी मागायची, मुठीच्या बुडाचं 'पास' कानशीनं घासून काढायचं. काही घरी लोकांनी रंधा अजून पेटीतून काढलाच नव्हता, त्यांनाही माफी. केंद्रात त्यांच्या वर्गात सागवानाशेजारी बाभळीचं गाठाळ खोड कायमचं येऊन बसलं. आणि 'पास' हा शब्द गेला. चहाला ते नुसतं "चालते" म्हणायचे. मी एकदा मुद्दाम माझं नवं दार दाखवलं, त्यांनी गुण्या लावला, कोन बरोबर होता हे मलासुद्धा दिसत होतं. म्हणाले, "दार तुमचं हाये, तुमीच पाहा." त्यांच्या 'नापास'ची मला एवढी सवय झाली असेल असं वाटलं नव्हतं.

दादाकडे हळूहळू कामं परत आली. नवं पातं बाभळीवर सरळ चालायचं. मोऱ्याचा खांदा भरला, पण फुटलेल्या जागी केस आले ते पांढरे. काळ्या-तांबड्या अंगावर पंजाएवढा पांढरा डाग.

पुढच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी सर स्टँडवर होतेच. या वेळी फाट्यापासून मी त्यांच्या बरोबरीनं चालले. पारावर विचारलं, तर मी म्हटलं, "आमचे सर." सरांनी मोऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला, पांढऱ्या केसांवरून अंगठा फिरवला. दादा म्हणाला, "पोळ्याले गेरू लावून झाकून टाकतो, सर. दिसनार नाही."

"नका झाकू," सर म्हणाले. "राहू द्या. मले दिसला पाह्यजे."

दादानं मोऱ्याचे खांदे शेकले. शब्द म्हटले. मग पळसाच्या पानावर उरलेलं तूप-हळद घेऊन तो सरांकडे वळला. काय करतोय ते कळायच्या आत त्यानं ते पान सरांच्या उजव्या खांद्यावर, शर्टावरूनच, दाबून फिरवलं.

"सर, तुमी बी आज आवतन घ्या. उद्या जेवाले या."

सरांची मान खाली गेली ती वर येईना. आई दारातून म्हणाली, "आता तरी हो म्हना, मास्तर." त्यांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी आधी मोऱ्या जेवला, मग सर जेवले. आईनं पुरणपोळीवर तूप घातलं, परत घातलं. ती कशी झाली ते आईनं विचारलं नाही आणि सरांनी सांगितलं नाही.

सुट्टी संपून केंद्रात आलो तर सर तोच शर्ट घालून वर्गात. उजव्या खांद्यावर हळदीचा पिवळा डाग तसाच. मुलं आपसात हसत होती. मला कपड्यांतलं कळतं म्हणून मधल्या सुट्टीत मी त्यांना बाजूला घेतलं. म्हटलं, "सर, हळदीचा डाग आहे हा. धुवून कडक उन्हात वाळत घातलात ना, तर दोन-तीन धुण्यांत आपोआप उडून जाईल."

"मालूम हाये मले," सर म्हणाले. "म्हणून तर सावलीत वायत घालतो."